गार्डला भोक पडायची वाट बघू नका

वाचकाचं पत्र: मी उद्यमबागेत लेथवर काम करतो, वय ४४. झोपेत दात खातो म्हणून ३ वर्षांपूर्वी वरच्या दातांसाठी पारदर्शक नाईट गार्ड करून घेतला. आतून मऊ, बाहेरून कडक असा दोन थरांचा आहे. आता उजवीकडं शेवटच्या दाढेच्या जागी नखानं दाबलं तर रबरासारखा दबतोय. व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या साधनानं) तिथं १.४ मि.मी. येतंय. मागच्या कडेला एक चीर गेलीय, जिभेला टोचायची म्हणून झिरो पेपर मारून गुळगुळीत केली. रंगानं पिवळा पडलाय. गेल्या वर्षी खालच्या डाव्या दाढेला कॅप बसवली, तेव्हापासून गार्ड घातला की डावी बाजू आधी टेकते. घरची म्हणते, आवाज अजून येतोय. निपाणीचे दाजी म्हणालेत, ‘एवढं पैसं घातलंस, फुटस्तोवर वापर की.’ बदलायचा तर नेमका कधी? आणि ऑनलाइन मिळतो तो गरम पाण्यात घालून बसवायचा गार्ड चालेल का?
— एक टर्नर, बेळगाव

उत्तर:

नमस्कार. तुमचा गार्ड बदलायची वेळ आलेली आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत नवीन माप देऊन या. पिवळेपणा, आवाज आणि ३ वर्षं ही त्याची कारणं नव्हेत. नखानं दबणारी ती जागा, मागची चीर आणि डावीकडं आधी टेकणं ही खरी कारणं आहेत.

दाजींचं म्हणणं पैशाच्या अंगानं समजण्यासारखं आहे, पण तुम्ही त्यांना तुमच्याच कामातलं उदाहरण द्या. शाफ्टभोवती गनमेटलचा बुश घालतात तो कशासाठी? झिजायचं असेल तर बुशनं झिजावं आणि शाफ्ट वाचावा म्हणून. नाईट गार्ड म्हणजे तोंडातला बुश. तो दात खाण्याची सवय बंद करत नाही, दाताऐवजी स्वतः झिजतो आणि जोर एका दाढेवर न पडता सगळ्या दातांवर वाटून देतो. म्हणून झिजलेला गार्ड म्हणजे वाया गेलेला गार्ड नव्हे, त्यानं त्याचं काम केलेलं आहे. पण बुश पार फाटून शाफ्ट घासायला लागेपर्यंत मशीन चालवत नाहीत, तसं गार्डलाही आरपार भोक पडेपर्यंत वापरायचं नसतं.

भोक पडल्यावर काय बिघडतं ते बघा. खालच्या दाढेचा उंचवटा त्या भोकात शिरतो. मग गार्ड तोंडात असूनसुद्धा त्या एका ठिकाणी दातावर दात येतो. बाकीच्या ठिकाणी गार्डची जाडी मध्ये असल्यामुळं जोर नीट वाटला जात नाही, आणि रात्रीच्या जोरातला मोठा वाटा त्या एका टोकावर जातो. दाढेला चीर जाणं, जुनं सिमेंट फुटणं, कॅपची कड उडणं हे अशा वेळी घडतं. मग खर्च गार्डवर थांबत नाही, रूट कॅनल आणि नव्या कॅपपर्यंत जातो. फाटलेल्या भोकाच्या कडेचा तुकडा झोपेत सुटून घशात जाण्याची भीती असते ती वेगळीच.

आता तुमच्या १.४ मि.मी.बद्दल. व्हर्नियर काढून मोजलंत हे आवडलं, पण हा आकडा खऱ्यापेक्षा मोठा असणार. गार्डच्या आतल्या बाजूला दाढेच्या प्रत्येक उंचवट्याचा खळगा उमटलेला असतो, आणि गार्ड सर्वात पातळ असतो तो नेमका त्या खळग्याच्या तळाशी. व्हर्नियरचा सपाट जबडा तळापर्यंत जात नाही, खळग्याच्या कडांवरच टेकतो. बाहेरच्या बाजूला झिजून खोलगट झालं असेल तर तिथंही तेच होतं. दोन्हीकडून माप फुगतं. दवाखान्यात यासाठी टोकदार पायांचा, चिमट्यासारखा गेज असतो. तुम्हाला घरी अंदाज घ्यायचाच असेल तर दीड-दोन मि.मी.चा बेअरिंगचा लहान छरा धुऊन खळग्यात ठेवा, बाहेरून व्हर्नियरच्या जबड्याचं पातळ टोक लावा आणि आलेल्या मापातून छऱ्याचा व्यास वजा करा. दाबू नका, आतला थर मऊ असल्यामुळं दाब दिला की माप उलट कमी येईल. आणि वर्कशॉपमधला कूलंट, ग्रीस लागलेला व्हर्नियर गार्डला लावू नका. मोजून झाल्यावर गार्ड साबणाच्या पाण्यानं धुवा.

तसं बघितलं तर तुमच्या बाबतीत मोजायचीही गरज नाही. दोन थरांच्या गार्डमध्ये झिजायचं काम बाहेरच्या कडक थराचं असतं. आतला मऊ थर दातांवर गादीसारखा बसावा आणि पकड यावी एवढ्यासाठीच असतो. नखानं दाबल्यावर रबरासारखं लागतंय म्हणजे त्या जागी कडक थर जवळजवळ संपला आणि तुम्ही आता गादीवर दात खाताय. कडक थर झिजायला ३ वर्षं लागली म्हणून मऊ थरही वर्षभर जाईल असा हिशेब करू नका. तो झिजत नाही, चावला जातो, आणि फार लवकर फाटतो. शिवाय काही लोकांत मऊ पृष्ठभागावर चावण्याचा जोर उलट वाढतो.

ॲक्रिलिक या कडक प्लॅस्टिकच्या एकाच थराच्या गार्डसाठी आमचा ठोकताळा असा: मागच्या दाढांवर नवा असताना साधारण २ मि.मी. किंवा थोडी जास्त जाडी असावी, दीडच्या खाली आली की दर तपासणीत मोजत राहावं, आणि १ मि.मी.च्या आसपास आली की भोकाची वाट न बघता नवा करावा किंवा डॉक्टरांकडून वर भर घालून घ्यावी. हा अनुभवाचा ठोकताळा आहे. जबरदस्त दात खाणाऱ्यासाठी तो आणखी कडक लावावा लागतो.

‘किती वर्षं टिकतो’ हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून ढोबळ अंदाज देतो. संपूर्ण मऊ गार्ड सहा महिने ते दोनएक वर्षं, दोन थरांचा दोन ते तीन वर्षं, कडक ॲक्रिलिकचा तीन ते पाच वर्षं आणि नीट सांभाळला तर त्याहून जास्त. गरम पाण्यात मऊ करून बसवायचा गार्ड काही महिनेच. पण एकाच क्लिनिकमधून, एकाच दिवशी, एकाच प्लॅस्टिक शीटचे गार्ड नेलेल्या दोघांपैकी एकाचा वर्षात फाटतो आणि दुसऱ्याचा चार वर्षं जातो. म्हणून कॅलेंडर बघून बदलू नका, आणि कॅलेंडर बघून थांबूही नका.

डावी बाजू आधी टेकते, हे पत्रातलं आम्हाला सर्वात महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. गार्ड वरच्या दातांवर आहे आणि कॅप खालच्या दाढेला आहे, म्हणजे कॅपचा गार्डशी संबंध नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. गार्ड अजून वर घट्ट बसतोय ना, मग झालं! पण गार्डचा बाहेरचा पृष्ठभाग जुन्या खालच्या दातांशी जुळवलेला होता. खालची एक दाढ बदलली की तो जुळलेला चावा बिघडतो. कॅप केसभर उंच राहिली तरी गार्डवर ती आधी लागते. त्यात तुमची उजवी बाजू झिजून खाली बसलीय. एकीकडं झीज, दुसरीकडं उंची, असा तराजू दोन्हीकडून कलला. त्याचा भार डाव्या दाढेवर आणि जबड्याच्या सांध्यावर येतो. कॅपचा वरचा भाग घासून उंची कमी केल्यावर नीट पॉलिश केला नसेल, तर तो खरखरीत भाग गार्डला कानशीसारखा खातो. डॉक्टरांना बोट लावून बघायला सांगा.

इथं एक खुलासा. तुम्हाला ‘आधी टेकतं’ ते गार्ड घातलेला असताना, काहींना तसं सकाळी गार्ड काढल्यावर वाटतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी गार्ड काढल्यावर दात थोडे परके वाटणं नेहमीचं आहे. रात्रभर जबडा वेगळ्या ठेवणीत असतो, स्नायू जागेवर यायला दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. चहा-नाष्टा होईपर्यंत ते गेलं पाहिजे. दुपारच्या भाकरीपर्यंत दात जुळत नसतील, आणि असं आठवडाभर रोज होत असेल, तर गार्ड घालणं थांबवून दाखवायला जा. याउलट गार्ड घातलेला असतानाच एक बाजू आधी लागत असेल तर दोष बहुतेक गार्डच्या पृष्ठभागात असतो. घरी तपासायचं असेल तर पावाच्या नव्या पिशवीच्या पातळ प्लॅस्टिकची बोटभर रुंद पट्टी कापा, गार्ड घालून ती उजवीकडच्या दाढांमध्ये धरा, हलकेच चावा आणि ओढा. मग तसंच डावीकडं. एका बाजूला घट्ट अडकली आणि दुसरीकडून सटकन निघाली तर चावा एका बाजूला कलला आहे. तुमच्याकडं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असणार, पण तो तोंडात घालू नका, पट्टी पुरे.

दवाखान्यात हेच रंगीत आर्टिक्युलेटिंग पेपरनं, म्हणजे चावल्यावर ठिपके उमटवणाऱ्या कागदानं, बघतात. दोन्हीकडच्या सगळ्या दाढांचे ठिपके सारख्या ठळकपणे उमटले पाहिजेत. नवा किंवा चांगल्या जाडीचा कडक गार्ड असता तर डॉक्टरांनी डावी बाजू थोडी घासून काम भागवलं असतं. तुमच्यात ते जमणार नाही. डावी बाजू उजवीइतकी उतरवायची म्हणजे उरलासुरला कडक थरही काढून टाकायचा.

चिरेबद्दल. झिरो पेपरनं कड गुळगुळीत केली त्याला आमची हरकत नाही, जिभेला जखम होण्यापेक्षा ते बरं. पण एवढ्यावरच थांबा. चावायच्या पृष्ठभागावर किंवा आतल्या बाजूला पेपर लावला तर चावा आणि पकड दोन्ही बिघडतात, आणि खरखरीत जागी घाण धरते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवायची लोखंडातली युक्ती तुमच्या डोक्यात आली असेलच. ती इथं करू नका. दोन थरांच्या मधून लाळ शिरते, थर सुटत जातात, मध्ये पांढरट किंवा काळपट डाग दिसतो आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही. सुटलेले थर परत चिकटत नाहीत. फेविक्विक तर मुळीच नको. ते तोंडात रात्रभर ठेवण्यासाठी बनवलेलं नाही, आणि सांधा कडक व ठिसूळ होऊन चीर शेजारून पुढं जाते. कडक ॲक्रिलिकच्या गार्डला चीर गेली तर लॅबमध्ये ॲक्रिलिकनंच दुरुस्ती होते, आत नवा थर देऊन सैल गार्ड घट्टही करता येतो. मऊ आणि दोन थरांच्या गार्डची टिकाऊ दुरुस्ती नाही, बदलणं हाच मार्ग.

चिरेचा मागचा तुकडा उद्या सुटला तर? कात्रीनं कापून ‘एवढाच लहान गार्ड’ म्हणून महिनोन्‌महिने वापरणारे लोक असतात. हे सगळ्यात वाईट. गार्डखाली नसलेल्या शेवटच्या दाढेला रोज रात्री समोरचा आधार मिळत नाही. ती हळूहळू जागेवरून सरकू शकते आणि चावा कायमचा बदलू शकतो. तुकडा सुटला त्या रात्रीपासून गार्ड बंद.

चीर मागच्याच कडेला का गेली याचंही उत्तर बहुधा तुमच्या हातात आहे. गार्ड एका बाजूनं उचकटून काढायची सवय असेल तर तो पिळला जातो. काढताना दोन्ही हातांची बोटं दोन्हीकडच्या दाढांजवळ लावायची आणि दोन्ही बाजू एकदम खाली ओढायच्या. घालताना पुढून बोटांनी दाबून बसवायचा, अर्धवट ठेवून दातांनी चावून बसवायचा नाही. चावून बसवणं हे गार्ड फुटण्याचं फार मोठं आणि सगळ्यात कमी सांगितलं जाणारं कारण आहे.

आता बदलण्याची कारणं नसलेल्या गोष्टी. पिवळा रंग हा चहा, लाळ आणि वयाचा परिणाम आहे. तंबाखू, गुटखा असेल तर तो तपकिरी होतो. नुसत्या रंगासाठी पैसे घालवू नका. पांढरा, खडूसारखा थर बसला असेल तर तो लाळेतला क्षार आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात गार्ड १५ ते २० मिनिटं ठेवा, मग मऊ ब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. आठवड्यातून एकदा पुरे. एवढं करूनही थर, वास किंवा काळे ठिपके गेले नाहीत तर मात्र तो बदलण्याचाच विषय. आवाजाचं म्हणाल तर कडक गार्डवर दात घासले की आवाज येणारच, त्यानं गार्ड निकामी ठरत नाही. उलट काही लोक घासत नाहीत, नुसतं जोरात आवळून धरतात. त्यांचा आवाज येत नाही, पण सकाळी कानशिलं ठणकतात. मराठीत आपण झोपेत दात ‘खातो’, कन्नडमध्ये ‘हल्लु कडियुवुदु’ म्हणजे दात चावणं म्हणतात. आपल्याकडच्या क्लिनिकमध्ये दोन्ही शब्द ऐकू येतात, पण डॉक्टरांना घासणं की आवळणं हे वेगळं करून सांगा, त्यावरून गार्डचा प्रकार ठरतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या गार्डचं उत्तर: तुमच्यासाठी नको. एखाद्याचे सगळे दात शाबूत आहेत, सांध्याला दुखणं नाही आणि नवीन गार्ड यायला पंधरा दिवस आहेत, तर तेवढ्यापुरता तो चालून जातो. पण तो चावून बसवताना जबडा ज्या ठेवणीत असेल तीच त्यात उमटते, आणि एकट्यानं आरशासमोर ती बरोबर येणं कठीण. जाडी एकीकडं जास्त, एकीकडं कमी होते. तुमचा चावा आधीच कललेला, कॅप नवी, त्यात हा आणखी एक घोळ. नवा गार्ड येईपर्यंत जुना आरपार फाटला नाही आणि काही लोंबत नाही तोवर घालायला हरकत नाही, मात्र डावीकडं दुखायला लागलं तर काढून ठेवा. आठ-दहा रात्री गार्डशिवाय गेल्या म्हणून दात संपत नाहीत.

नवा कोणता घ्यावा? दोन थरांचा ३ वर्षांत असा झिजवलात, त्यात कॅप आहे, पुढं आणखी एखादी येईल. त्यामुळं आमचं मत कडक ॲक्रिलिकच्या बाजूनं. सुरुवातीचे काही दिवस तो तोंडात दगडासारखा वाटतो, लाळ जास्त सुटते, पण त्याचा पृष्ठभाग घासून जुळवता येतो, भर घालता येते, आणि पुढं दाढेला कॅप बसली तर आतून कोरून नव्यानं बसवता येतो. मऊ किंवा दोन थरांच्या शीटच्या गार्डमध्ये यातलं फारसं काही जमत नाही. शीट ३ मि.मी.ची असली तरी गरम करून साच्यावर ओढताना ती ताणली जाते आणि उंचवट्यांवर पातळ होते. म्हणून ‘३ एम.एम.चा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘तयार झाल्यावर शेवटच्या दाढेवर किती जाडी राहील?’ असं विचारा.

कामाला साधारण दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत वर-खाली दोन्हीचं माप आणि चावा नोंदवतात. फक्त वरचं माप घेऊन पाठवत असतील तर विचारा, कारण खालच्या दातांशी न जुळवलेला गार्ड म्हणजे तुमची आत्ताची अडचण नव्यानं विकत घेणं. आठवड्याभरानं दुसरी फेरी. नवा गार्ड बोटांनी दाबल्यावर बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये, कुठल्याही एका दातावर टोचता कामा नये. थोडा ताण पाच-दहा मिनिटांत जातो, तो ठीक. तिथंच आर्टिक्युलेटिंग पेपरचे ठिपके आरशात बघून घ्या. यात घाई करणाऱ्या क्लिनिकपेक्षा अर्धा तास घासत-जुळवत बसणारं क्लिनिक बरं. एक-दोन आठवड्यांनी परत दाखवायचं, मग दर सहा महिन्यांनी. जुना गार्ड अजिबात टाकू नका, सोबत न्या. कुठं किती झिजलाय हा तुमच्या रात्रीचा नकाशाच आहे, त्यावरून डॉक्टरांना पुढचा आकार ठरवता येतो. प्लास्टरचा साचा किंवा स्कॅनची फाइल मागून घरी ठेवा. दात बदलले नसतील तर पुढच्या वेळी उपयोग होतो.

नेहमीचे डॉक्टर नसतील किंवा खर्च परवडत नसेल तर बेळगावात दंतवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. केएलईचं आणि मराठा मंडळाचं. केस पेपर काढताना प्रोस्थोडॉन्टिक्स विभाग सांगा, तिथं कवळ्या, कॅप आणि गार्डची कामं होतात. विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक तपासतात, त्यामुळं फेऱ्या आणि वेळ जास्त जातो हे धरून चला. खानापूर, चिकोडीकडून येणाऱ्यांनी परीक्षा आणि सुट्ट्यांचे दिवस आधी फोनवर विचारून मगच बस पकडावी.

सांभाळण्याबद्दल थोडंच. धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश आणि हात धुवायचा लिक्विड सोप. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या बारीक कणांनी ओरखडे उठतात आणि त्यात घाण धरते. गरम पाणी नको, गार्ड वाकडा होतो आणि मग घरी काही केलं तरी परत बसत नाही. ब्लीच, स्पिरिट नको. अल्कोहोलवाल्या माउथवॉशमध्येही बुडवून ठेवू नका, ॲक्रिलिकला बारीक बारीक चिरा पडतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडचा खरा त्रास पावसाळ्यात: जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही, आणि बंद डबीत ओला ठेवलेला गार्ड कुबट होतो. कापडानं टिपा, भोकं असलेल्या डबीत ठेवा, डबी आठवड्याला धुवा. रात्री कुंदा खाऊन तसाच गार्ड घालू नका. साखर गार्डच्या आत अडकून रात्रभर दातांना चिकटून राहते, आणि कॅपच्या कडेला कीड लागायला तेवढं पुरतं. आणि घरात कुत्रं असेल तर डबी कपाटात. लाळेचा वास त्यांना फार आवडतो.

गार्ड बदलताना मूळ सवयीकडंही एकदा बघून घ्या. रात्रीचा कडक चहा, तंबाखू, दारू यांनी दात खाणं वाढू शकतं. मनाच्या आजारावरची काही औषधंही कारण ठरतात. अशी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरची सांगत असेल, दिवसा मशीनवर डुलकी येत असेल तर आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या, कारण काही जणांत वरचा गार्ड तो त्रास वाढवू शकतो. लेथवर लक्ष लावून काम करताना दात आवळले जातात का हेही बघा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही ठेवण. मशीनवर एक ठिपका चिकटवा, तो दिसला की जबडा सैल सोडायचा. गार्ड फक्त रात्रीचा पहारेकरी आहे, दिवसा दात आवळले तर त्याचा काही इलाज नाही. आणि ‘पोटात जंत झालेत म्हणून दात खातो’ हे दाजींनी अजून म्हटलं नसेल तर म्हणतीलच. मोठ्या माणसाच्या गार्डचा निर्णय त्यावर करू नका.

पुढचं काही झालं तर दोन-तीन आठवडे थांबायचं नाही, लगेच दाखवायचं: तोंडात तीन बोटं उभी जात होती आणि आता दोनही जात नाहीत, जबडा अडकतो, एखादी दाढ चावताना किंवा चावून सोडताना सणकन दुखते, किंवा सूज आली आहे. चावून सोडताना होणारं दुखणं हे दाढेला चीर गेल्याचं लक्षण असू शकतं. तुमची उजवी शेवटची दाढ, जिच्यावर गार्ड झिजलाय, तिच्यावर तर खास लक्ष ठेवा. वेळ घेताना क्लिनिकला फोनवर ‘गार्ड फाटत आलाय, खालच्या कॅपपासून डावी बाजू आधी लागते’ एवढं सांगा, म्हणजे माप घ्यायची आणि कॅप तपासायची तयारी ठेवून ते एकाच फेरीत दोन्ही करतील.